प्ले स्टोअरच्या बाहेर ॲप लोकांपर्यंत कसं पोचवायचं

आधी दोन खर्च वेगळे करा, फाईल ठेवायचा आणि पैसे घ्यायचा. स्टोअरवाले दोन्ही एकाच टक्केवारीत गुंडाळतात म्हणून आपला गोंधळ होतो. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९, आणि विक्रीवरचा कट वेगळा (प्लेने २०२१ मध्ये वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर तो १५ टक्के केला). ॲप फुकटच असेल तर कटाची चिंता सोडा.

मग साइनिंग की, म्हणजे ॲप आपलंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही करायची गुप्त किल्ली. याकडे कोणी बघत नाही आणि नंतर सगळं इथेच अडतं. अँड्रॉइडमध्ये जुन्या ॲपवर अपडेट बसायला सही तीच लागते, आणि प्लेवर नवीन ॲपची की गूगलकडे असते, एफ-ड्रॉइड (खुल्या सोर्सच्या अँड्रॉइड ॲप्सचं फुकट स्टोअर) सहसा स्वतःच्या कीने सही करतं, त्यामुळे एकीकडून घेतलेल्या ॲपवर दुसरीकडचं अपडेट चढतच नाही, युजरला अनइन्स्टॉल करावं लागतं आणि ॲपमधला डेटा जातो. म्हणून की स्वतः बनवा, प्लेवर देताना तीच अपलोड करा आणि बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. हरवली तर संपलंच.

आता जागा. सोर्स कोड खुला असेल तर एफ-ड्रॉइडला अर्ज करा, फी नाही, तेच कोडवरून ॲप तयार (बिल्ड) करतात, फक्त वेळ लागतो आणि आत गूगलच्या बंद लायब्ऱ्या चालत नाहीत. कोड खुला नसेल तर स्वतःची रेपो (ॲपच्या फाईली आणि त्यांची यादी ठेवायची जागा) काढा, वाटते तेवढी अवघड नाही: एफ-ड्रॉइड सर्व्हर नावाचं टूल टाका, इनिट कमांड द्या, एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाईल) रेपो फोल्डरमध्ये ठेवा, अपडेट कमांड द्या, इंडेक्स म्हणजे ॲपची यादी तयार होतो. सगळ्या साध्या स्टॅटिक फाईली, कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर चालतात. लिंक लोकांना द्या, एफ-ड्रॉइड ॲपमध्ये टाकली की अपडेट आपोआप दिसतात. एवढंही नको असेल तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिलीजमध्ये एपीके टाका, लोक ऑब्टेनियमने (थेट अशा पानांवरून अपडेट आणणारं ॲप) अपडेट घेतात.

पैसे घ्यायचे तर स्वतःच्या साइटवर यूपीआय किंवा पेमेंट गेटवे लावा आणि लायसन्स की (ॲप चालू करायचा कोड) ईमेलने पाठवा. रिफंड, बिल, जीएसटीची कटकट मात्र तुमच्याच गळ्यात, स्टोअरचा कट काही अगदीच फुकटचा नसतो.

आयफोनवाल्यांसाठी यातलं जवळजवळ काहीच नाही. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२४ पासून दुसरी स्टोअर्स चालतात, पण तिथेही ॲपलने १० लाखांपुढे प्रत्येक युजरच्या वर्षातल्या पहिल्या इन्स्टॉलवर अर्धा युरो लावला होता.