यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या पिस्टनच्या रिंगा, घरच्या ओट्यावर

किक हलकी लागतेय, चढावर दम उरलेला नाही (आमच्या बडोद्यात चढ म्हणजे पूलच), तर बहुधा रिंगा गेल्या. दांडिया बाजारातल्या घराच्या ओट्यावर मी रिंगा बदलायचं काम दोनदा केलंय. टू-स्ट्रोक असल्यामुळे हेडमध्ये व्हॉल्व्हची भानगड नाही.

इंजिन गार होऊ द्या. सायलेन्सर, कार्ब्युरेटर सोडवा. हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) चारही नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. सिलिंडर वर सरकला की लगेच खाली इंजिनच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पहिल्या वेळी मी विसरलो; जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडला, तो काढण्यात रविवार गेला, वर आईची बोलणी.

नवी रिंग आधी एकटीच बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नवीचीही फट मापाबाहेर असेल तर बोअर झिजलाय. मग बोअर मोठा करायला लेथवाला आणि ओव्हरसाइझ पिस्टन, दुसरा इलाज नाही.

पिस्टनच्या खाचेतला कार्बन जुन्या रिंगेच्या तुकड्यानेच खरवडा, फुकटचं उत्तम हत्यार. रिंगेवरचं अक्षर वर ठेवा. तिची टोकं खाचेतल्या बारीक पिनेशीच जुळली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर बसवतानाच रिंग मोडते. टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावून, रिंगा बोटांनी दाबत सिलिंडर सरळ खाली घ्या, फिरवू नका. सिलिंडरच्या वरचं आणि खालचं, पॅकिंग दोन्ही नवीन.

पहिले ५०० किलोमीटर मूठ पिळायची नाही. हे सगळ्यात अवघड.