ब्लॅक अँड व्हाईट प्रिंटसाठी स्वतःचं प्रोफाईल करून घ्या की

राजहंसगडावरच्या धुक्याचा फोटो स्क्रीनवर भारी दिसतोय आणि प्रिंटमध्ये सावल्या नुसत्या काळ्याठिक्कर, असं होत असेल तर प्रिंटरला शिव्या देऊ नका, तुमच्या पेपर-शाईचं ग्रे प्रोफाईल (त्या पेपरवर ती शाई कुठली ग्रे छटा किती गडद उमटवते ते सांगणारी फाईल) करा. एप्सनचा अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू मोड (प्रिंटरमधला खास ब्लॅक अँड व्हाईटचा मोड) असेल तर २१ पायऱ्यांची ग्रे पट्टी (०, ५, १० करत १०० टक्क्यांपर्यंत) त्याच मोडमध्ये, त्याच पेपरवर काढा, आणि फोटोशॉपात कुठलंही प्रोफाईल लावू नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आता पट्टी वाळू द्या. आपल्या बेळगावात पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही ओ, मी तर दोन दिवस तशीच ठेवतो, कारण ओली शाई मोजली की आकडे नंतर बदलतात.

मग स्पेक्ट्रोनं, म्हणजे रंग मोजायच्या मशीननं, प्रत्येक पायरीची लॅब व्हॅल्यू (ती किती उजळ-गडद आणि कुठल्या छटेची ते सांगणारे आकडे) मोजायची (मशीन महाग आहे, कुणाचं तरी मागून आणा), आकडे टेक्स्ट फाईलमध्ये घालायचे आणि क्वाडटोनरिप या प्रिंटिंग सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या क्रिएट आयसीसी टूलवर ती फाईल टाकली की प्रोफाईल तयार.

प्रिंट करताना फोटो आधी त्या प्रोफाईलमध्ये कन्व्हर्ट करायचा, ब्लॅक पॉईंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला सगळ्यात गडद काळा पेपरवरच्या सगळ्यात गडद काळ्याशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवून, आणि मग पट्टी काढली तेव्हाच्याच सेटिंगला सोडायचा. मॅट पेपरवर ग्लॉसीइतका गडद काळा मिळणार नाही, ते प्रोफाईलच्या हातात नाही. पेपर किंवा शाई बदलली की मात्र परत पहिल्यापासून.