राउटरचं कर्नल जुनं दिसलं म्हणून लगेच फ्लॅश मारताय? या चुका टाळा

बाजारातून नवाकोरा राउटर आणला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि आत डोकावून पाहिलं तर लिनक्स कर्नल (त्या सॉफ्टवेअरचा गाभा) 2.6.36. म्हणजे ऑक्टोबर 2010 चं. हे पाहिल्यावर पोरं दोनच गोष्टी करतात: कंपनीला शिव्या देतात, नाहीतर कुठलंतरी फर्मवेअर उतरवून फ्लॅश मारतात, म्हणजे राउटरमध्ये चढवून टाकतात. दुसऱ्या प्रकारातले राउटर नांदेडला माझ्या टेबलावर येतात.

मागच्या उन्हाळ्यात क्लासेसच्या भागातल्या एका अभ्यासिकेचा राउटर आला. चालवणारा पोरगा हुशार, पण घाई फार. कर्नल जुनं आहे हे कळल्यावर त्यानं आपल्या मॉडेलशी "जुळणारं" नव्या कर्नलचं फर्मवेअर शोधून मारलं. राउटर चालू झाला, केबलवर नेटही आलं, पण वायफाय गायब. भरलेली अभ्यासिका, पोरांची ओरड. त्यानं गडबडीत मूळ फर्मवेअर परत चढवायला घेतलं आणि निम्म्यात लाईट गेली. माझ्याकडे आला तेव्हा फक्त पॉवरचा दिवा जळत होता.

झाकण उघडलं, बोर्डावरच्या सिरियलच्या पिनांना 3.3 व्होल्टचं यूएसबी-टीटीएल (राउटर कॉम्प्युटरला जोडायची केबल) जोडलं, स्पीड 115200 ठेवला. बूटलोडर (राउटर चालू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम) जिवंत होता, म्हणून टीएफटीपीनं (नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) मूळ फाईल पाठवता आली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या तसा पोरगा म्हणाला, "काका, तारीख तर मागच्या वर्षीची दाखवायलीय, मग व्हर्जन एवढं जुनं कामून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ती तारीख फर्मवेअर बांधल्याची असते, कर्नलच्या वयाची नाही. राउटरवर जिचं नाव असतं ती कंपनी बहुतेक वेळा चिप बनवत नाही. चिप ब्रॉडकॉमची, मीडियाटेकची, क्वालकॉमची किंवा रिअलटेकची. चिपवाला सोबत एसडीके (फर्मवेअर बनवायचा तयार संच) देतो, त्यात एक ठरावीक कर्नल असतं आणि त्याच कर्नलसाठी कंपाईल केलेला वायफायचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम). अनेकदा त्याचा सोर्स (मूळ कोड) राउटरवाल्यालाही मिळत नाही. लिनक्सचा नियम असा की कर्नलच्या आतले इंटरफेस आवृत्तीगणिक बदलू शकतात. लिनक्सच्याच मूळ कोडात असलेले ड्रायव्हर बदल करणाराच दुरुस्त करतो, बाहेरचा बंद ड्रायव्हर मात्र तिथंच अडकतो. कर्नल बदललं की वायफाय मेलं. शिवाय नवा एसडीके घ्यायचा तर सगळ्या चाचण्या पुन्हा, आणि हजार-दीड हजाराच्या राउटरवर तो खर्च कोण करणार? म्हणून कंपनी जुन्याच कर्नलवर वरचे प्रोग्रॅम बदलत राहते. अभ्यासिकेच्या राउटरमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफायला उघडा ड्रायव्हरच नव्हता. नवं कर्नल कितीही चांगलं असलं तरी ते वायफाय चालणारच नव्हतं.

बाकीच्या चुका याच घाईच्या पोटातून येतात. मॉडेलचं नाव पाहतात, पण खालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन पाहत नाहीत. एकाच नावाखाली व्ही 9 आणि व्ही 13 मध्ये चिपसुद्धा वेगळी असू शकते. वायफायवरून फ्लॅश मारतात, केबल लावा. इन्व्हर्टरच्या भरवशावर बसतात. लाईट जाताना तो जो झटका देतो, तेवढ्यात राउटर रिस्टार्ट होतो. मी राउटरचा छोटा डीसी यूपीएस लावल्याशिवाय फ्लॅशला हात लावत नाही, आणि तोही अडॅप्टर 9 व्होल्टचा की 12 चा हे वाचूनच. 4 एमबी फ्लॅश मेमरी आणि 32 एमबी रॅमच्या राउटरमध्ये नवं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, उघडं फर्मवेअर) कोंबू नका, ते बनवणाऱ्यांनी स्वतःच अशा राउटरचा पाठिंबा थांबवलाय.

दुसरी मोठी चूक म्हणजे कर्नलच्या आकड्यालाच सुरक्षा समजणं. आकडा जुना ठेवूनही कंपनी एखादी दुरुस्ती आत घालू शकते. आणि चोर बहुतेक वेळा कर्नलमधून येतच नाही. आपल्याकडच्या केबल-नेटवाल्यांच्या आवडत्या मायक्रोटिकचं उदाहरण घ्या. त्यांचं फर्मवेअर राउटरओएस 6 हे 3.3.5 कर्नलवर चालायचं, 2021 च्या डिसेंबरात 7.1 आलं तेव्हा ते 5.6.3 वर गेलं. पण 2018 मध्ये जे राउटर लुटले गेले ते विनबॉक्स या मायक्रोटिकच्याच सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या भोकातून, आणि दुरुस्ती एप्रिलमध्येच आली असताना ती न टाकल्यामुळे. 2016 चं मिराई मालवेअर तर टेलनेटवर (लांबून आज्ञा द्यायची जुनी सोय) कारखान्याचेच पासवर्ड टाकून शिरलं. ॲडमिनचा पासवर्ड तसाच ठेवून कर्नलची काळजी करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. आधी बाहेरून चालणारं रिमोट मॅनेजमेंट, टेलनेट, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडणं) आणि यूपीएनपी (उपकरणांना आपोआप बाहेरची वाट उघडून देणं) बंद करा. कंपनीच्या साईटवर तुमच्याच हार्डवेअर व्हर्जनचं अपडेट आहे का, हे दर दोन-तीन महिन्यांनी बघा.

नवं कर्नल खरंच हवं असेल तर राउटर विकत घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीचा हार्डवेअर तक्ता उघडा. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपना उघडा एमटी76 ड्रायव्हर आहे, आणि ओपनडब्ल्यूआरटी 24.10 मध्ये 6.6 कर्नल मिळतं. दुकानदार अँटेना मोजून दाखवेल, तुम्ही चिप विचारा.

कंपनीनं अपडेट बंद केले असतील तर तो राउटर इंटरनेटच्या तोंडावर ठेवू नका. डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद करा, आयपी बदला, केबल वॅनऐवजी लॅन पोर्टला लावा आणि दुसऱ्या राउटरच्या मागे ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरा. मात्र शेवटचं अपडेट 2017 च्या क्रॅक (वायफायच्या डब्ल्यूपीए2 सुरक्षेतलं भोक) दुरुस्तीच्या आधीचं असेल, तर वायफायही बंद करून त्याला नुसता स्विच म्हणून ठेवा.