मुलांना घेऊन डेलावेअर नदीत कनू: पहिल्यांदाच जाताय तर हे असं करा

दर उन्हाळ्यात इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की कनू (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी) करायचीय पण मुलं लहान आहेत आणि आम्हाला पोहता येत नाही, जमेल का. जमतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं आणि नवऱ्याला जेमतेम येत होतं, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच. तेव्हापासून दरवर्षी जातोय, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

आधी टप्पा ठरवा, आणि तो छोटाच ठरवा. डेलावेअर वॉटर गॅप हा नॅशनल पार्क सर्व्हिसचा भाग आहे, नदी त्यातून जवळजवळ 40 मैल वाहते, पण मुलांबरोबर पहिल्या खेपेला पेनसिल्व्हेनियाच्या बाजूचा स्मिथफील्ड बीच ते न्यू जर्सीच्या बाजूचा किटाटिनी पॉइंट एवढंच करा. साधारण 6 ते 7 मैल होतात, थांबत थांबत, खात खात गेलात तरी चार तासांत आरामात पोचता. लोक उत्साहात मोठा टप्पा घेतात आणि शेवटच्या दोन तासांत मुलं रडकुंडीला येतात, वर दुपारी समोरून वारा सुटला की वल्हं मारून खांदे भरून येतात ते वेगळंच.

कनू भाड्याने देणारे लोक तुम्हाला बसने वर नेऊन सोडतात, पहिल्यांदा तेच बरं. स्वतःची कनू असेल तर दोन गाड्या लागतात, एक आधी किटाटिनीला लावून यायचं, पण शनिवार-रविवारी माउंट टॅमनी चढणाऱ्यांची गर्दी असते आणि पार्किंग लवकर भरतं, तर सकाळी आठच्या आत पोचा. निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या साइटवर काही बंद आहे का ते बघा.

दिवस कोणता? जुलै-ऑगस्ट. एप्रिल-मेमध्ये बाहेर ऊन छान असतं म्हणून फसू नका, पाणी तेव्हा अंगात कळ येईल इतकं गार असतं. दोन-तीन दिवस जोरात पाऊस झाला असेल तर पुढे ढकला. मॉन्टेग्यूला नदीची पातळी मोजतात, ती ऑनलाइन दिसते, आकडा चढत असेल तर मुलांना घेऊन जाऊ नका, नदी गढूळ दिसली तरी नको.

लाइफ जॅकेट. यावर मी कोणाचंच ऐकत नाही. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालणं नियमानेच बंधनकारक आहे, पण मोठे लोक काढून बुडाखाली घेऊन बसतात कारण गरम होतं आणि पाणी तर गुडघाभरच दिसतं. हे गुडघाभर पाणी दोन पावलांवर एकदम डोक्यावर जातं, तळ एकसारखा नाहीये या नदीचा. सगळ्यांनी घालायचं, सगळी बकलं लावायची, बेटावर जेवायला बसलो तरी मुलांची काढायची नाहीत. मुलाचं माप बघायला त्याला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्याजवळ धरून वर ओढा, कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही हेच, "मी काय पडणारे का" म्हणाले तरी.

सामान थोडंच घ्या पण सगळं बांधून. जीन्स नको, सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट, चपला नकोतच, चिखलात एक राहते आणि एक वाहून जाते. गाडीची किल्ली आणि फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि ती पिशवी कनूच्या दांड्याला बांधलेली. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, लाडू असं हाताने खाता येईल असं, दहीभात वगैरे घरीच राहू दे. पाणी मात्र वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. कचरा परत घरी आणायचा.

कोण कुठे बसणार? जड आणि शांत डोक्याचा माणूस मागे, कारण कनू वळते ती मागच्यामुळे. दुसरा मोठा पुढे, मुलं मधे, खाली तळाशी बसलेली. चढताना वाकून, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, पाऊल बरोब्बर मधोमध टाका. एकाने डावीकडे वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवीकडे, वरचा हात वल्ह्याच्या मुठीवर.

निघाल्या निघाल्या प्रवाहात जाऊ नका, बीचजवळच्या संथ पाण्यात अर्धा तास सराव करा. मागच्याने प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून वल्हं थोडं बाहेर ढकलायचं, म्हणजे कनू सरळ राहते, नाहीतर गोल गोल फिरत बसाल आणि "तू नीट मार", "नाही तूच" सुरू होईल. आमच्याकडे आता ठरलेलं आहे: पुढचा फक्त दगड सांगतो, वळवायचं कसं ते मागचा ठरवतो.

पाणी वाचायला शिका. उथळ, खळखळणाऱ्या जागी पाण्यावर इंग्रजी व्ही सारखा आकार दिसतो. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे दगड आहे. टोक पुढे, वाहत्या दिशेला असेल तर तो मोकळा रस्ता, त्याच्या मधून जा. काठाला पडलेली झाडं असतील तर लांबूनच टाळा, फांद्यांमधून पाणी जातं पण माणूस अडकतो.

पहिल्या वर्षी आमची कनू दगडाला आडवी लागली. आम्ही घाबरून दगडापासून लांब कललो, जिकडून पाणी येत होतं त्या बाजूची कड खाली गेली आणि क्षणात कनू भरली. मुलगी वीसेक फूट वाहत गेली, जॅकेट होतं म्हणून डोकं वर राहिलं. करायचं होतं उलटं: दगडाकडे कलायचं, त्याला मिठी मारल्यासारखं. आणि पडलातच तर वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय तळाच्या दगडात अडकतो आणि पाणी माणसाला आडवं पाडतं. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर, पाणी संथ झालं की काठ धरा. कनू पकडायची असेल तर वाहत्या दिशेच्या बाजूला कधीच थांबू नका, ती तुमच्यावर येईल.

मेघगर्जना ऐकू आली की लगेच काठावर, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबायचं.

वाटेत मुलांना टॉक्स आयलंड दाखवा, स्मिथफील्डच्या जवळच आहे. 1955 च्या मोठ्या पुरानंतर इथे धरण बांधायचं ठरलं होतं, त्यासाठी सरकारने दोन्ही काठांवरची घरं, शेतं विकत घेतली, लोक उठून गेले, आणि 1975 मध्ये धरण बाजूला पडलं. म्हणून ही नदी आज मोकळी वाहतेय. आपल्याकडे धरणात गावं गेलेली ज्यांनी बघितलीत त्यांना इथे थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं. मान वर ठेवलीत तर बॉल्ड ईगलही दिसेल. बेटावर उतरलात तर तीन तीन पानांच्या झुडपाला हात लावू नका, ते पॉयझन आयव्ही, अंगाला खाज आणणारं.

पुढे दोन डोंगरांमधली खिंड दिसायला लागली, डावीकडे टॅमनी, उजवीकडे मिन्सी, की डाव्या काठाला लागा, किटाटिनी पॉइंट तिकडेच आहे. आधी मुलं उतरवा, मग सामान, आणि मग कनू ओढा. घरी गेल्यावर सगळ्यांच्या पायांवर, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे गोचीड बघायला विसरू नका. कोरडे कपडे आणि चहाचा थर्मास गाडीतच ठेवा.