मायक्रोवेव्हमधली कुरकुरीत भेंडी
पाव किलो भेंडी धुवून, पुसून एकदम कोरडी करा, थोडं जरी पाणी राहिलं तरी चिकट लगदा होतो. मग पातळ चकत्या करून एक चमचा तेल, हळद, तिखट चोळायचं, मीठ आत्ता अजिबात नको, पाणी सुटतं. काचेच्या ताटलीत एकच थर पसरायचा (दाटी केलीत तर वाफच धरते), झाकण न ठेवता हायवर 3 मिनिटं, मग हलवून परत 2, असं चकत्या आक्रसेपर्यंत, शेवटी मात्र एकेक मिनिटच लावा, माझी पहिली खेप बघता बघता मधोमध करपली. बाहेर काढल्यावर जरा मऊच लागते पण गार झाली की मस्त कुरकुरते. मग मीठ, आमचूर भुरभुरवा आणि वरणभाताबरोबर लगेच संपवा, उघडी राहिली की सादळते.