एक सेल, दोन सेफ्टी पिना आणि मीटरभर तार: फिरणारी मोटर कशी बनवावी

विज्ञान प्रदर्शनात मांडलेली साधी मोटर फिरली नाही की पहिला संशय सेलवर येतो. खरा दोष बहुतेक वेळा तारेच्या टोकाशी असतो, त्यामुळे बाकी जुळवाजुळव भराभर उरका आणि वेळ तिथे द्या.

सामान: टॉर्चचा मोठा (डी साइज) १.५ व्होल्टचा सेल, शक्यतो अल्कलाइन. ५ सेंमी लांबीच्या दोन सेफ्टी पिना. सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी किंवा घट्ट रबर बँड. एक लहान चकतीचा निओडिमियम चुंबक. २४ किंवा २६ गेजची इनॅमल (वीज न जाऊ देणारा पातळ लेप) चढवलेली तांब्याची तार, साधारण १ मीटर. बारीक पॉलिश पेपर. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सुटी मिळते. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली वायर चालणार नाही, ती जड पडते. रंगीत पिनाही नकोत, रंगातून वीज जात नाही.

तारेची दोन्ही टोके ४-४ सेंमी मोकळी सोडून मधल्या तारेचे सुमारे २ सेंमी जाडीच्या मार्करवर १० वेढे घाला. वेटोळे अलगद काढा आणि प्रत्येक टोक वेढ्यांभोवती दोनदा गुंडाळून समोरासमोर बाहेर काढा. दोन्ही टोके एका सरळ रेषेत आणि वेटोळ्याच्या बरोबर मधून जाणारी हवीत. वेटोळे बोटांवर आडवे धरून फिरवून बघा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर टोक वाकवून तोल साधा.

आता खरवडणे. एका टोकाचे इनॅमल सगळ्या बाजूंनी काढा, तांबे लख्ख दिसले पाहिजे. दुसऱ्या टोकासाठी वेटोळे टेबलाच्या कडेला उभे धरा, ते टोक टेबलावर टेकवा आणि फक्त वरची अर्धी बाजू खरवडा. खालच्या बाजूला हात लावू नका.

असे का? वेटोळे अर्धा फेरा फिरले की त्यावरच्या बलाची दिशा उलटते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर ते पुढे-मागे हेलकावे खाऊन थांबते. अर्धे इनॅमल नेमक्या त्याच अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तोडते आणि वेटोळे मिळालेल्या वेगावर पुढे सरकते. दहावीच्या पुस्तकातल्या विद्युत चलित्रात (मोटरमध्ये) कम्युटेटर, म्हणजे दुभंगलेले कडे, प्रवाह तोडण्याऐवजी उलटवून हे काम करतो. वेटोळे आडवे ठेवून वरची बाजू खरवडली, तर प्रवाह चुकीच्या वेळी सुरू होतो: अर्धा वेळ पुढे ढकलतो, अर्धा वेळ मागे. मोटर मग थरथरते, फिरत नाही. ‘सगळं बरोबर केलं तरी चालत नाही’ असे म्हणणाऱ्यांचे घोडे बहुधा इथेच अडलेले असते.

पिनेचे बारीक कडे वर ठेवून दोन्ही पिना सेलच्या दोन टोकांवर रबराने घट्ट दाबा. चुंबक सेलच्या पाठीवर, बरोबर मधोमध ठेवा. टोके कड्यांत ओवा. वेटोळे खाली येईल तेव्हा चुंबकापासून ५ मिमीच्या आसपास अंतर राहावे. पिना वर-खाली सरकवून ते जमते. बोटाने हलकी टिचकी द्या. एका बाजूला परत येत असेल तर उलट दिशेने द्या, या मोटरची दिशा ठरलेली असते.

थांबलेल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहत राहिला तर सेल जवळजवळ शॉर्ट होतो. तार आणि पिना चटका बसेल इतक्या तापू शकतात. फिरत नसेल तर लगेच वेटोळे उचला. मोबाइलची किंवा कुठलीही लिथियम बॅटरी इथे जोडू नका, घरच्या विजेचे तर नावच नको. निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याला चिमटा घेतात.

तरीही हलत नसेल तर पिना सेलच्या टोकाला नीट टेकल्या आहेत का ते पाहा, रबर सैल असेल तर तिथेच गोची होते. इनॅमलचा पारदर्शक थर डोळ्याला दिसत नाही, म्हणून टोक पुन्हा एकदा घासा.

मोटर फिरली की चुंबक उलटा करा: दिशा बदलते. मग सेल उलटा करा: पुन्हा बदलते, म्हणजे मूळ दिशा परत येते. ५ आणि १५ वेढ्यांची वेटोळी करून वेग ताडून बघा; वेढे वाढले की बल वाढते, पण वजन आणि तारेचा रोधही वाढतो.