पैलवानाने टाकलेला रस्सा: गूढ शब्दकोड्यातला क्लू सोडवावा कसा आणि उलगडून सांगावा कसा

पैलवानाने टाकलेला रस्सा वाढायला घेतला (२)

एका रविवारी दुपारी मामीच्या स्वयंपाकघरात बसून मी हा क्लू कागदावर लिहिला. मामी तांबडा रस्सा ढवळत होती. तालमीतून आलेला मामेभाऊ पांढऱ्या रश्श्याची एक वाटी संपवून दुसरी मागत होता. क्लू वाचून दाखवला तशी मामी म्हणाली, "टाकलेला रस्सा कोण वाढतंय रे? काहीतरीच लिहितोस."

तिचं बरोबर होतं. वाक्य म्हणून वाचलं तर ते विचित्रच आहे. पण गूढ कोड्यातला क्लू म्हणजे वाक्याचा वेश घेतलेला हिशेब. नेहमीच्या शब्दकोड्यात "कमळ" हवं असेल तर "पंकज" लिहिलं की झालं. गूढ कोड्यात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा एकाच ओळीत असतात. एक सरळ अर्थाची, दुसरी शब्दखेळाची. दोन्ही एकाच शब्दापाशी पोचल्या तरच उत्तर बरोबर.

आधी वाक्य मोडा

पेन्सिल घ्या आणि क्लूचा अर्थ विसरा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्याकडेही लक्ष देऊ नका, ते बहुतेक वेळा फसवायलाच असतात. उत्तराचा सरळ अर्थ जवळजवळ नेहमी ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधोमध नसतो. म्हणून दोन्ही टोकांकडून एकेक शब्द बाजूला काढत जा आणि जिथं ओळ दुभंगेल असं वाटेल तिथं उभी रेघ मारा.

कंसातला आकडा घरांचा. मराठीत एक घर म्हणजे एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षरालाही एकच घर. "कोल्हापूर" चार घरांत बसतं: को, ल्हा, पू, र. हे नीट लक्षात ठेवा. "रंकाळा"चं शेवटचं अक्षर काढलं तर "रंका" उरतं, "रंक" नाही. काना सोडून देता येत नाही.

मामीच्या कागदावर मी "टाकलेला"नंतर रेघ मारली. मग भावाला विचारलं, "पैलवान काय टाकतो?" तो वाटीतून तोंड वर न काढता म्हणाला, "डाव." मामीचा हात थांबला. तिनं पातेल्यातून वर काढलेल्या डावाकडे पाहिलं. लांब दांड्याचा, काठावरून लाल तवंगाचे थेंब गळत असलेला. "रस्सा वाढायला घेतला तो हा," ती म्हणाली. दोन अक्षरं, दोन अर्थ. भावाला आखाड्यातला डाव माहीत, मामीला चुलीवरचा. एकट्यानं दोघांपैकी कुणीही इतक्या लवकर सोडवला नसता.

खूण शोधा

याला आपण श्लेष म्हणतो आणि तो मराठी कानाला नवा नाही. अशा क्लूमध्ये दोन अर्थ शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, आणखी काही नसतं. "गिरणीतून आणलेलं देवीचं स्थान (२)" म्हणजे पीठ. अंबाबाईचं करवीर शक्तिपीठ डोक्यात असलं की लगेच उमगतं. "मिसळीवर ओतलेलं कारस्थान (२)" हे कोल्हापूरकराला सांगायला नको: कट.

बाकीच्या प्रकारांत मात्र एक खुणेचा शब्द असतो. अक्षरांचं काय करायचं ते तो सांगतो. विस्कटून, पिसून, वेडंवाकडं असं काही दिसलं तर जवळच्या शब्दातली अक्षरं हलवायची:

वेडंवाकडं सरकत केलेला पैलवानाचा व्यायाम (४)

"वेडंवाकडं" ही खूण, "सरकत" हा कच्चा माल, "पैलवानाचा व्यायाम" हा अर्थ. स, र, क, त हलवा: कसरत.

आत, मध्ये, पोटात अशा शब्दांचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे एका शब्दाच्या पोटात दुसरा घालायचा. "बारमध्ये जा, तिथे गुळाचे सौदे होतात (३)". चांगल्या घरातल्या माणसाला हा सल्ला पटणार नाही, पण अक्षरांकडे बघा: "बार"च्या मध्ये "जा" ठेवलं की बाजार.

दुसरा म्हणजे उत्तर ओळीतच दडलेलं असतं. या प्रकाराला मी मनातल्या मनात सरस्वती म्हणतो. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तसाच हा शब्द डोळ्यांपुढं असून दिसत नाही:

कसा जमवला आतल्या आत कोल्हापुरी दागिना? (२)

"आतल्या आत" म्हणजे गुपचूप, असं वाटून आपण पुढं जातो. पण ती खूण आहे. "कसा जमवला"च्या आत बघा. क-सा-ज-म-व-ला. साज! शब्दांमधली मोकळी जागा नजरेआड करायची सवय लागली की हे क्लू सगळ्यात आधी सुटतात, म्हणून नवख्यानं सुरुवात इथूनच करावी.

उलटून, माघारी, फिरून हे शब्द दिसले की अक्षरं शेवटाकडून वाचा. "पंचगंगा उलटली आणि झालो गरीब (२)" हे २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेल्या माणसाला वेगळंच काही सांगून जातं. कोड्यात मात्र पंचगंगा म्हणजे नदी, नदी उलटली की दीन. इथं "नदी" हे उत्तर का नाही? उलटण्याची क्रिया पंचगंगेवर होते आहे, गरिबावर नाही. जे उलटतं ते कच्चा माल, जे उरतं ते उत्तर. याच शब्दाचा आणखी एक क्लू होतो: "ऐकायला दिवस, पाहायला गरीब (२)". "ऐकायला" ही उच्चाराची खूण. दिन आणि दीन ऱ्हस्व-दीर्घानंच वेगळे.

डोकं उडालेला, शेपूट तुटलेला म्हणजे पहिलं किंवा शेवटचं अक्षर वजा. "डोकं उडालेला कोल्हापूरचा तलाव, काजळासारखा (२)": रंकाळ्यातून "रं" गेला, काळा राहिला.

आणि साधी जोडणी. "लबाड जनावर, त्याच्या शेपटीला राजाराम बंधाऱ्यावरचे ४३ फूट, करवीरच की! (४)". बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, म्हणजे पूर. कोल्ह्यामागं पूर लावला की आपलं गाव. नाव कोल्हासुरावरून पडल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, पण कोड्याला गावाच्या नावाचा इतिहास लागत नाही, अक्षरं लागतात.

सुटलं म्हणजे झालं नाही

मला या लेखात खरं सांगायचंय ते इथं. साजाचा तो क्लू माझ्यासमोर पहिल्यांदा आला तेव्हा मी शाईच्या पेनानं "हार" लिहून मोकळा झालो होतो. दोन अक्षरं, दागिना, बसतंय की! त्या "हा"वरून खाली जाणारा उभा शब्द मग तासभर जुळेना. चूक एवढीच होती, की "कसा जमवला आतल्या आत" हे चार शब्द तिथं कशाला आहेत हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. ज्या उत्तराचं कारण सांगता येत नाही ते पेन्सिलीनं लिहावं.

म्हणून उत्तर मिळालं की ते दुसऱ्याला उलगडून सांगा, दुसरं कुणी नसेल तर स्वतःला. क्लू जसाच्या तसा लिहून काढा. अर्थाच्या भागाखाली रेघ मारा. खुणेच्या शब्दाभोवती गोल करा. कच्चा माल अक्षरं सुटी करून लिहा आणि ती कुठून कुठं गेली ते दाखवा: बा + जा + र. मग एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा, याचं काम काय? एखादा शब्द बिनकामाचा उरला तर तुमचं उत्तर चुकलंय किंवा कोडं रचणाऱ्याचं. "केलेला", "आणि झालो" असे सांधणारे शब्द चालतात, कारण सांधणं हेही काम आहे.

पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलं, आर्थर विन यांनी रचलेलं, आणि ते सरळ अर्थाचं होतं. गूढ क्लूंची कला पुढं इंग्लंडमध्ये वाढली आणि तिथल्या रचनाकारांनीच ही शिस्त घालून दिली: क्लूनं दिशाभूल जरूर करावी, पण अक्षरांच्या हिशेबात खोटं बोलू नये. आपल्याकडंही अक्षरांच्या कसरतीला कमी नाही. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून रामायण रचलं. त्यांच्या भाषेत गूढ क्लू शोभणार नाही असं मला कधीच वाटलं नाही. मराठी वर्तमानपत्रांत अशी कोडी अधिक यायला हवीत, आणि ती इंग्रजीवरून उतरवलेली नकोत, आपल्या अक्षरांवर उभी असलेली हवीत.

दुसऱ्याला सांगताना उत्तर आधी बोलू नका. आधी फक्त रेघ कुठं मारायची ते दाखवा आणि थांबा. नाही जमलं तर खूण कुठली ते सांगा, परत थांबा. त्यानंतर कच्चा माल. बहुतेक माणसं तिसऱ्या थांब्याच्या आत स्वतःच ओरडतात, आणि तो आनंद त्यांचा त्यांनाच मिळायला हवा. घरात चार माणसं असतील तर क्लू मोठ्यानं वाचा. कुणाला आखाडा माहीत असतो, कुणाला चूल, कुणाला गुऱ्हाळ.

त्या दुपारी जेवायला पाट मांडले तेव्हा मामी म्हणाली, मी पण एक केलाय. तिनं कॅलेंडरच्या मागं लिहिलेलं वाचून दाखवलं:

मामाच्या घरची लक्ष्मी, आई आणि मी मिळून (२)

भाऊ लगेच म्हणाला, "तूच! मामी." आणि ताट पुढं सरकवलं. मामीनं डाव पातेल्यावरच धरून ठेवला. "'आई'चं काय केलंस? आणि 'मिळून' कशाला घातलंय? ते सांग, मग वाढते."